एका प्रहसनाचे तीन प्रयोग

उत्तर कोलकात्यात बीडन स्ट्रीटवर मिनर्वा थिएटर उभे आहे. १८९३ साली गिरीशचंद्र घोष यांनी बंगालीत आणलेल्या ‘मॅकबेथ’ने या नाट्यगृहाचा पडदा प्रथम वर गेला. परंतु या जागेचा रंगभूमीशी संबंध त्याहूनही जुना आहे. मिनर्वापूर्वी येथे लाकडी बांधणीचे ग्रेट नॅशनल थिएटर होते. भुवनमोहन नियोगी या तरुण धनिकाने ते उभारले आणि ३१ डिसेंबर १८७३ रोजी ते सुरू झाले. याच लाकडी रंगमंचावर १८७६च्या फेब्रुवारी महिन्यात एक छोटे प्रहसन सादर झाले. त्याचे नाव ‘गजदानंद ओ युवराज’.

या प्रहसनाचे तीनच प्रयोग झाले. त्यांतला तिसरा तर नाव बदलून करावा लागला. छापील पुस्तकाच्या रूपाने ते पुढच्या पिढ्यांच्या हाती आले नाही. अभिजात वाङ्मय म्हणून त्याची थोरवी कोणी गायिली नाही. असे असूनही भारतीय रंगभूमीच्या इतिहासात त्याला टाळून पुढे जाता येत नाही. कारण त्याच्या तीन प्रयोगांतून एक कायदा जन्मला आणि तो कायदा कोलकात्यापुरता न राहता पुण्या-मुंबईच्या मराठी नाटकापर्यंत येऊन पोहोचला. एवढ्याशा विनोदाने एवढे मोठे साम्राज्य का बिथरले, याचा शोध घेणे म्हणजे विनोदाचे सामर्थ्य आणि त्याची जबाबदारी या दोहोंचा शोध घेणे होय.

प्रहसन हा प्रकार भारतीयांना नवा नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रात रूपकाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रहसनाला स्थान आहे. सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मा याने ‘मत्तविलास’ नावाचे एकांकी प्रहसन लिहिले. मद्यधुंद कापालिक, त्याचे हरवलेले कपालपात्र आणि चोरीचा आळ आलेला बौद्ध भिक्षू यांच्याभोवती ते फिरते. विशेष म्हणजे त्याचे कथानक कांची नगरीत, म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या राजधानीत घडते. सिंहासनावर बसलेल्या राजाने आपल्याच नगरातील ढोंगावर हसावे आणि प्रजेलाही हसवावे, असा तो प्रकार होता.

मराठी रंगभूमीने हाच प्रकार इंग्रजी नावाने आपलासा केला. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केल्यानंतर पौराणिक नाटकांचा काळ सुरू झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्य पौराणिक खेळ संपला की ‘फार्स’ करण्याची रीत पडली. देवदानवांची युद्धे पाहून थकलेल्या प्रेक्षकांसमोर मग शहरातला नवशिक्षित, जरठविवाहाला निघालेला म्हातारा किंवा लाचखाऊ कारकून येई. हा शब्द मराठीत इतका मुरला, की एखाद्या गंभीर कामाचा फज्जा उडाला तर त्याचा ‘फार्स झाला’ असे आजही सहज म्हटले जाते. पुराणकथेत जे बोलता येत नसे, ते फार्समध्ये बोलता येई, हे त्याचे खरे महत्त्व होते.

बंगालमध्येही हेच घडत होते. मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८६० साली दोन प्रहसने प्रसिद्ध केली. ‘एकेई कि बले सभ्यता’ या पहिल्यात इंग्रजी शिकून मद्याच्या पेल्यात सुधारणा शोधणाऱ्या तरुणांची टर उडवली होती, तर ‘बुडो शालिकेर घाडे रों’ या दुसऱ्यात वरून धार्मिक आणि आतून लंपट अशा वृद्ध जमीनदाराची. ही प्रहसने पाइकपाड्याच्या राजांच्या बेलगाछिया येथील खासगी रंगमंचासाठी लिहिली गेली होती. पण तेथे त्यांचा प्रयोग झाला नाही. ज्यांच्यावर ती लिहिली होती, ती माणसे आश्रयदात्यांच्या बैठकीतच बसणारी होती. त्यांतल्या पहिल्याला रंगमंच लाभायला १८६५ साल उजाडले. तोही शोभाबाजारच्या एका खासगी नाट्यमंडळाचाच होता. प्रहसनावरचा पहिला बांध सरकारने घातलेला नव्हता. तो समाजातील प्रतिष्ठितांच्या भिडेने घातलेला होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

ही भीड मोडली ती तिकिटाने. ७ डिसेंबर १८७२ रोजी नॅशनल थिएटरच्या तरुणांनी जोडासाँको भागात मधुसूदन सान्याल यांच्या वाड्याच्या अंगणात रंगमंच उभारून दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ सादर केले आणि प्रेक्षकांकडून पैसे घेतले. नीळ पिकवणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांचा जुलूम दाखवणारे हे नाटक आधीच गाजलेले होते. त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनाबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ साली एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला होता. आता तेच नाटक तिकीट काढून कोणालाही पाहता येऊ लागले. राजा-जमीनदाराच्या निमंत्रणाची गरज उरली नाही. नाटकवाल्यांना नवा आश्रयदाता मिळाला, तो म्हणजे बुधवारी आणि शनिवारी खेळाला येणारा सामान्य प्रेक्षक. या आश्रयदात्याला कोणाची भीड नव्हती. जी गोष्ट शहरात चर्चेला आली असेल, ती त्याला आठवड्याच्या आत रंगमंचावर हवी असे.

अशा वातावरणात इंग्लंडचे युवराज, पुढे सातवे एडवर्ड म्हणून राज्यावर आलेले प्रिन्स ऑफ वेल्स, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. ८ नोव्हेंबर १८७५ रोजी ते मुंबईत उतरले आणि डिसेंबरच्या अखेरीस कलकत्त्यात पोहोचले. राजधानीचे शहर तेव्हा कलकत्ताच होते. रोषणाई, दरबार, मेजवान्या यांची लयलूट झाली. युवराजांनी बंगाली घराचे अंतःपुर पाहण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा उच्च न्यायालयातील वकील आणि कायदेमंडळाचे सभासद जगदानंद मुखोपाध्याय यांनी त्यांना भवानीपूर येथील आपल्या घरी बोलावले. ३ जानेवारी १८७६ रोजी युवराज तेथे गेले. घरातील स्त्रियांनी शंखनाद व उलुध्वनी करून, बंगाली रीतीप्रमाणे त्यांचे स्वागत केले.

परक्या पुरुषाला आपल्या अंतःपुरात प्रवेश देणे ही त्या काळी कल्पनेपलीकडची गोष्ट होती. तीही एखाद्या आप्तासाठी नव्हे, राज्यकर्त्याच्या मर्जीसाठी! शहरात संतापाची आणि थट्टेची लाट उसळली. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. कवी हेमचंद्र बंद्योपाध्याय यांनी ‘बाजीमात’ ही उपहासकविता लिहिली. मग रंगभूमी तरी मागे कशी राहील?

ग्रेट नॅशनलचे दिग्दर्शक या वेळी उपेंद्रनाथ दास होते. ‘शरत्-सरोजिनी’ आणि ‘सुरेंद्र-विनोदिनी’ ही त्यांची नाटके गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अरेरावीला उघड उत्तर देणारी म्हणून लोकप्रिय झाली होती. व्यवस्थापक होते अमृतलाल बसू. त्यांचे वय तेव्हा तेवीसच्या आतबाहेर होते. शनिवार, १९ फेब्रुवारी १८७६ रोजी ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांचे ‘सरोजिनी’ हे चितोडच्या आक्रमणावरील गंभीर नाटक झाले आणि त्याच्या पाठोपाठ हे नवे प्रहसन सादर झाले. ‘जगदानंद’ या नावातील दोन अक्षरांची अदलाबदल केली की ‘गजदानंद’ होते, हे ज्याला अक्षरओळख आहे त्याला सांगावे लागत नव्हते. युवराजाचे नाव घेण्याचीही गरज नव्हती, कारण त्या हिवाळ्यात शहरात युवराज एकच होता. चितोडच्या राजपूत स्त्रियांच्या आत्मसन्मानाची कथा आणि तिच्यामागोमाग राजदरबारी मर्जीसाठी घराचा दरवाजा उघडणाऱ्या गृहस्थाची फजिती, असा तो एका रात्रीचा कार्यक्रम होता. दोन्ही एकापाठोपाठ पाहणाऱ्या प्रेक्षकाला निराळे भाष्य करून सांगण्याची आवश्यकता काय?

बुधवारी, २३ फेब्रुवारीस, ‘सती कि कलंकिनी’ या संगीत नाटकानंतर प्रहसनाचा दुसरा प्रयोग झाला. एका राजनिष्ठ प्रजाजनाची भर रंगमंचावर चेष्टा चालली आहे, हे पाहून पोलिसांनी प्रहसन बंद करण्याचा हुकूम दिला. मंडळींनी हुकूम पाळला, पण शब्दशः. ‘गजदानंद’ बंद झाले आणि शनिवार, २६ फेब्रुवारीस ‘कर्णाटकुमार’ या नाटकासोबत ‘हनुमान चरित्र’ नावाचे प्रहसन जाहीर झाले. हनुमंताची कथा ऐकायला कोणाची ना असणार? प्रेक्षकांनी मात्र जे ओळखायचे ते ओळखले. पोलिसांनीही ओळखले आणि ‘हनुमान चरित्र’ही बंद केले. तीन प्रयोगांत, दोन नावांनी, या प्रहसनाची रंगयात्रा संपली.

परंतु प्रकरण संपले नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत एकोणतीस दिवस होते. त्या जादा दिवशीच, २९ फेब्रुवारी १८७६ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला. बदनामीकारक, राजद्रोही, अश्लील किंवा अन्य प्रकारे सार्वजनिक हिताला बाधक वाटेल असे कोणतेही नाटक बंद करण्याचा अधिकार बंगाल सरकारला मिळाला. दुसऱ्याच दिवशी, बुधवारी १ मार्चला, ग्रेट नॅशनलने ‘सुरेंद्र-विनोदिनी’ लावले आणि त्यानंतर नवे प्रहसन सादर केले. त्याचे नाव इंग्रजी होते: ‘द पोलीस ऑफ पिग अँड शीप’. पोलीस आयुक्त होते सर स्टुअर्ट हॉग आणि अधीक्षक होते लॅम्ब. ‘हॉग’ म्हणजे डुक्कर आणि ‘लॅम्ब’ म्हणजे कोकरू. एवढे इंग्रजी कलकत्त्याच्या शाळांनी प्रेक्षकांना केव्हाच शिकवले होते. हेच हॉगसाहेब शहरातील न्यू मार्केटच्या नावात आजही आहेत, ‘सर स्टुअर्ट हॉग मार्केट’ म्हणून. तेथे खरेदीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, की या गृहस्थांवर एकेकाळी बीडन स्ट्रीटच्या रंगमंचावरून हशा पिकला होता?

शनिवारी, ४ मार्चला, ‘सती कि कलंकिनी’चा प्रयोग चालू असतानाच पोलीस नाट्यगृहात शिरले. उपेंद्रनाथ दास, अमृतलाल बसू, मालक भुवनमोहन नियोगी आणि इतर काही नटांना अटक झाली. आरोप मात्र प्रहसनाबद्दल नव्हता. ‘सुरेंद्र-विनोदिनी’ अश्लील आहे, असा आरोप ठेवला गेला. युवराजांच्या भेटीची चेष्टा न्यायालयात चर्चेला आणायची, तर ती चेष्टा साक्षीपुराव्यांतून पुन्हा एकदा वाचावी लागली असती. ते टाळण्याचा हा मार्ग असावा, असे मानायला जागा आहे. ८ मार्चला मॅजिस्ट्रेट डिकेन्स यांनी उपेंद्रनाथ आणि अमृतलाल यांना एक महिन्याची साधी कैद सुनावली आणि बाकीच्यांना सोडून दिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २० मार्चला न्यायमूर्ती फिअर आणि मार्क्बी यांनी दोघांनाही निर्दोष ठरवले. तेव्हाच्या प्रचलित कायद्यात हे नाटक दोषी ठरत नव्हते.

न्यायालयाच्या या निकालाचा सरकारने घेतलेला अर्थ असा, की प्रचलित कायदा अपुरा आहे, तेव्हा नवा कायदा हवा. विधिसदस्य आर्थर हॉबहाउस यांनी विधेयक मांडले आणि डिसेंबर १८७६ मध्ये, लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, ‘ड्रामॅटिक परफॉर्मन्सेस अ‍ॅक्ट’ संमत झाला. १८७६ सालचा हा एकोणिसावा कायदा होय. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारे किंवा नीतिभ्रष्ट करणारे नाटक सरकारला बंद करता येऊ लागले. प्रयोग करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. पोलिसांना नाट्यगृहात शिरून पडदे, वेशभूषा व साहित्य जप्त करण्याचा अधिकार मिळाला. धार्मिक उत्सवांतील जात्रा आणि त्यासारखे खेळ तेवढे या कायद्यातून वगळण्यात आले.

हा कायदा करताना सरकारच्या डोळ्यांसमोर फक्त कलकत्त्याचे प्रहसन नव्हते. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांच्या हालांवर ‘चाकर दर्पण’ हे नाटक बंगालीत लिहिले गेले होते. बडोद्याचे प्रकरण तर ताजे होते. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोगाचा आरोप ठेवून मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. चौकशी मंडळातील इंग्रज आणि हिंदी सभासदांत मतभेद होऊनही एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. या घटनेवर बंगालीत ‘गायकोयाड दर्पण’ निघाले आणि मराठीत नारायण बापूजी कानिटकर यांनी मल्हाररावांवर नाटक लिहिले. बडोद्याच्या मराठी राजाचे दुःख कलकत्त्याच्या बंगाली नाटककाराला आपले वाटावे, हे त्या काळातील एक लक्षणीय चिन्ह होते. रंगभूमी प्रांतांच्या सीमा ओलांडू लागली होती. म्हणून कायदाही साऱ्या देशासाठी केला गेला.

ग्रेट नॅशनलला या धक्क्यातून सावरता आले नाही. उपेंद्रनाथ दास इंग्लंडला निघून गेले. थिएटर हातांतून हातांत गेले. अमृतलाल बसू मात्र रंगभूमीवर टिकले. ‘विवाह विभ्राट’सारखी अनेक प्रहसने लिहून त्यांनी ‘रसराज’ ही पदवी लोकांकडून मिळवली. परंतु त्यांच्या पुढच्या लेखनातील विनोदाचे बाण बव्हंशी समाजाकडे, नवसुधारकांकडे आणि बाबूंकडे वळले. बंगाली रंगभूमीवर पौराणिक आणि भक्तिपर नाटकांची लाट आली. १८८४ साली गिरीशचंद्रांच्या ‘चैतन्यलीला’ने शहर भारावून गेले आणि विनोदिनी दासीची चैतन्याची भूमिका पाहायला स्वतः रामकृष्ण परमहंस आले. या लाटेला निव्वळ कायद्याचे भय कारण झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या नाटकांची भक्ती खरी होती. तरीही जे उघड बोलायचे ते पुराणाच्या आडून बोलावे, हा धडा कायद्याने रंगभूमीला दिला होता, हे नाकारता येत नाही. ‘हनुमान चरित्र’ हे नाव धारण करून त्या तिसऱ्या प्रयोगाने त्याचा जणू पहिला पाठ गिरवला होता.

हा धडा सर्वांत उत्तम रीतीने कोणी गिरवला असेल, तर तो मराठी रंगभूमीने. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आले. कथा महाभारतातील विराटपर्वाची. पात्रांत एकही इंग्रज नाही, संवादांत एकाही हयात व्यक्तीचे नाव नाही. पण उन्मत्त कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होते, अपमानित सैरंध्रीत भारतमाता दिसत होती, संयमाचा उपदेश करणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ पक्ष आणि संतापलेल्या भीमात जहाल पक्ष दिसत होता. सरकारला हे ओळखायला तीन वर्षे लागली. १९१० साली ‘कीचकवधा’वर बंदी आली, ती याच १८७६च्या कायद्यान्वये. बीडन स्ट्रीटवरच्या एका छोट्या प्रहसनासाठी विणलेले जाळे चौतीस वर्षांनी पुण्याच्या नाटकावर पडले.

कोलकाता आणि महाराष्ट्र यांना जोडणारा आणखी एक धागा याच काळात विणला जात होता. देवघरजवळ जन्मलेले, घरात मराठी आणि लेखनात बंगाली असे सखाराम गणेश देऊस्कर यांनी कलकत्त्यात शिवाजी उत्सवाची चळवळ रुजवली. १९०६च्या उत्सवाला लोकमान्य टिळक स्वतः कलकत्त्यास आले. त्या वातावरणात १९०७ साली गिरीशचंद्रांनी ‘छत्रपती शिवाजी’ हे बंगाली नाटक रंगमंचावर आणले. पुण्यात ‘कीचकवध’ आणि कलकत्त्यात ‘छत्रपती शिवाजी’, दोन्ही एकाच वर्षी. देऊस्करांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९१० साली सरकारने बंदीत टाकले आणि गिरीशचंद्रांच्या त्या नाटकावरही १९११ साली बंदी आली. बंगाली आणि मराठी रंगभूमी एकाच वेळी एकाच पहाऱ्याखाली उभ्या होत्या.

येथवरची कथा सरकार विरुद्ध रंगभूमी अशी सरळ वाटते. पण या प्रहसनाकडे आज पाहताना एक प्रश्न मनात येतो आणि तो टाळून इतिहास लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भवानीपूरच्या त्या घरात ज्यांनी शंख वाजवला, त्या स्त्रियांचे काय? युवराजांना बोलावण्याचा निर्णय घरधन्याचा होता. स्वागताची आज्ञाही त्याचीच असणार. पुढे वृत्तपत्रांत, कवितेत आणि रंगमंचावर जी थट्टा झाली, तिचा विषयही ‘घराची अब्रू’ हाच होता; म्हणजे पुन्हा त्याच स्त्रिया. या साऱ्या गदारोळात त्यांचा स्वतःचा शब्द कोठेही ऐकू येत नाही. पडद्याची प्रथा योग्य की अयोग्य, हा प्रश्न प्रहसनाने विचारला नाही. परक्यासमोर पडदा का उघडला, एवढेच विचारले.

दुसरी बाजू तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. १८७३ साली बेंगॉल थिएटरने स्त्रीभूमिकांसाठी स्त्रियांना घेतले आणि पुढच्याच वर्षी ग्रेट नॅशनलनेही तो मार्ग धरला. या नटी समाजाने बहिष्कृत केलेल्या वस्त्यांतून आलेल्या होत्या. ज्या समाजाला कुलस्त्रीचे तोंड परक्याने पाहिलेले खपत नव्हते, तोच समाज तिकीट काढून या स्त्रियांचा अभिनय पाहत होता, त्यांना टाळ्या देत होता आणि घरात मात्र घेत नव्हता. याच ग्रेट नॅशनलमध्ये बालवयात आलेल्या विनोदिनीने पुढे १९१२ साली ‘आमार कथा’ हे आत्मचरित्र लिहून या दुटप्पीपणाची वेदना शब्दांत मांडली. अंतःपुराची अब्रू आणि रंगमंचाची टाळी यांच्यामधले हे अंतर हीच खरे तर एका मोठ्या प्रहसनाची सामग्री होती. ते कोणी लिहिले नाही.

म्हणून ‘गजदानंद’चे मोल त्याच्या विनोदाच्या निर्दोषपणात शोधू नये. त्याचा विनोद बोचरा होता, काहीसा अन्यायकारकही असेल. परंतु एखाद्या विनोदाला उत्तर द्यायचे ते दुसऱ्या विनोदाने, लेखाने, फार तर बदनामीच्या खटल्याने; विनोद करण्याचा अधिकारच काढून घेण्याने नव्हे. जगदानंदबाबूंना न्यायालयाचा दरवाजा उघडा होता. ते स्वतः तेथे वकिली करीत होते. सरकारने मात्र एका गृहस्थाच्या मानहानीचे निमित्त करून साऱ्या देशाच्या रंगभूमीला कुलूप घातले. मत्तविलासकार महेंद्रवर्मा आणि लॉर्ड नॉर्थब्रुक या दोन राज्यकर्त्यांत अंतर आहे ते हेच. ज्याला आपल्या आसनाची खात्री असते, त्याला हशाचे भय वाटत नाही.

स्वातंत्र्य आले, पण हा कायदा गेला नाही. ‘इप्टा’च्या मंडळींनी लखनौत प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेवरील नाटक केले, तेव्हा स्वतंत्र भारतात हाच कायदा त्यांच्यावर लावला गेला. १९५६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला. एका लहानग्याने आजीसाठी चिमटा विकत आणल्याची ती कथा आहे. युवराजांच्या थट्टेसाठी केलेला कायदा हमीदच्या चिमट्यापर्यंत येऊन ठेपला, यावरून अशा कायद्यांची वाट कोठवर जाते हे ध्यानात यावे. केंद्रीय कायद्यांच्या पुस्तकातून तो अखेर दूर झाला, तो २०१७ सालच्या निरसनविषयक दुसऱ्या कायद्याने, २०१८च्या प्रारंभी. म्हणजे तीन प्रयोगांच्या प्रहसनातून जन्मलेला हा कायदा एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ जगला.

रंगभूमीने त्याला आपल्या पद्धतीने उत्तर त्याआधीच दिले होते. १९५९ साली उत्पल दत्त यांच्या लिट्ल थिएटर ग्रुपने मिनर्वा थिएटर चालवायला घेतले. ‘अंगार’ आणि ‘कल्लोल’ यांसारखी राजकीय नाटके त्याच जागेवर उभी राहिली, जेथे ग्रेट नॅशनलच्या नटांना पकडण्यात आले होते. १९६५ साली उत्पल दत्त यांनाही तुरुंग पाहावा लागला. पुढे १९७१ साली त्यांनी ‘टिनेर तलवार’ लिहिले. त्याचा काळ १८७६चा आहे आणि त्याचा विषय कलकत्त्याची एक नाटकमंडळी व तिच्यावर येऊन पडलेला तोच कायदा. पत्र्याची तलवार लटकी असते. तरी ती हातात घेऊन नट उभा राहिला की सत्ता दचकते, हे त्या शीर्षकातच आले आहे. ‘गजदानंद’ची संहिता हरवली, पण त्याची कथा शंभर वर्षांनी पुन्हा रंगमंचावर आली.

शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात या जुन्या प्रहसनाची आठवण का करावी? शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात शेवटी एखादे प्रहसन असते. त्यात कोणी तरी गुरुजींची चालण्याची लकब उचलतो, कोणी बाईंचा आवाज काढतो, कोणी कार्यालयातील काकांसारखा चष्मा नाकावर ओढतो. पहिल्या रांगेत तेच गुरुजी आणि त्याच बाई बसलेल्या असतात. सभागृह हसते आणि क्षणभर सर्वांच्या नजरा त्या पहिल्या रांगेकडे वळतात. ज्या शाळेत पहिली रांगही हसते, त्या शाळेतील मुलांना नागरिकशास्त्राचा एक मोठा धडा पुस्तक न उघडताच मिळालेला असतो. आणि नक्कल करणाऱ्या मुलाला त्याच वेळी हेही शिकवावे लागते, की जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर हसू नये. सामर्थ्यवानावर हसायला धैर्य लागते. दुबळ्यावर हसायला काहीच लागत नाही.

बीडन स्ट्रीटवरच्या त्या तीन प्रयोगांनी यांतला पहिला धडा देशाला दिला. दुसरा धडा ते प्रहसन स्वतः पुरता शिकलेले नव्हते. तो पुढच्या पिढ्यांच्या रंगमंचासाठी शिल्लक राहिला आहे.